पानांचा मुकुट कुणाचा?

मैत्रिणींनो, परदेशवारीवरचे लेख तुम्ही पुष्कळ वाचले असतील. धबधबे, म्युझियमं आणि चारमजली दुकानं यांची वर्णनं वाचून माझ्यासारखा तुम्हालाही कंटाळा आला असेल, तर आज माझ्याबरोबर एका साध्या रस्त्यावर चला. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्‌स राज्यात हॉपकिंटन नावाचं एक टुमदार गाव आहे. तिथून निघायचं आणि अ‍ॅशलंड, फ्रॅमिंगहॅम, नेटिक, वेल्सली, न्यूटन, ब्रुकलाइन अशी गावं मागे टाकत बॉस्टन शहरात शिरायचं. अंतर 42 किलोमीटर आणि वर 195 मीटर. बॉस्टनची मॅरेथॉन 1897 साली सुरू झाली आणि 1924 पासून ती हॉपकिंटनहून निघते.

माझी थोरली नणंद अ‍ॅशलंडला राहते, म्हणून हा रस्ता माझ्या वाट्याला आला. थोडा मोटारीनं पाहिला, थोडा आगगाडीनं, शेवटचा तुकडा पायी. गंमत म्हणजे अ‍ॅशलंडमध्ये या शर्यतीच्या रस्त्यावरच श्रीलक्ष्मीचं देऊळ आहे, दाक्षिणात्य धर्तीचं. वन्सं म्हणाल्या, "इथं देवीला शर्यत बघायला बाहेर पडावं लागत नाही बाई, दारातूनच दिसते!"

हॉपकिंटनला बघण्यासारखं काय, तर डांबरी रस्त्यावर रंगवलेली आरंभरेषा. तिच्यावर एक पाऊल ठेवून जो तो फोटो काढून घेतो. मला मात्र पाहायचा होता बॉबी गिब हिचा पुतळा. 1966 साली या बाईनं शर्यतीत नाव घालायचं म्हटलं, तर बायकांना एवढं अंतर झेपत नाही असं उत्तर आलं. मग ती आरंभरेषेजवळच्या झुडपात लपून बसली आणि पुरुष निघाल्यावर त्यांच्यात मिसळून पूर्ण अंतर धावली. पुढच्या वर्षी कॅथरिन स्वित्झर नंबर लावून धावली, तर एका अधिकाऱ्यानं भर रस्त्यात तिच्या अंगावर धावून जाऊन तिला बाहेर ओढू पाहिलं. बायकांना रीतसर परवानगी मिळाली ती 1972 साली. गिबबाईंचा पुतळा 2021 साली बसवला आणि तो घडवला आहे खुद्द त्यांनीच! स्वतःचा पुतळा स्वतः करण्याची पाळी आली म्हणा, किंवा तेवढी कला अंगात होती म्हणा.

हे सगळं आधी सांगितलं, कारण आता जी गोष्ट सांगणार आहे ती याच्याशिवाय कळायची नाही.

21 एप्रिल 1980. सोमवार, आणि ऊन कडक. बायकांमध्ये सर्वांत पुढे होती कॅनडातल्या माँट्रियलची जॅकलिन गारो. वेल्सली हे गाव साधारण अर्ध्या वाटेवर येतं. तिथं मुलींचं प्रसिद्ध कॉलेज आहे आणि त्या मुली कुंपणाशी उभ्या राहून अशा काही किंचाळतात, की धावणाऱ्यांना तो आवाज फार आधीपासून ऐकू येतो म्हणे. पहिली बाई दिसली की तर विचारायलाच नको. त्या दिवशी त्यांनी डोक्यावर घेतलं ते गारोला. पुढे न्यूटनचे चढ आले. त्यांतल्या शेवटच्या चढाचं नाव 'हार्टब्रेक हिल', म्हणजे काळीज फोडणारी टेकडी. आपल्या खंडाळ्याच्या घाटापुढे ती टेकडी म्हणजे काहीच नाही. पण बत्तीसेक किलोमीटर धावून झाल्यावर ती लागते, यात सगळं आलं. तीही गारोनं पार केली. वाटेत लोक तिला ओरडून सांगत होते, की बायकांत तूच पहिली.

आणि ती शेवटच्या रेषेशी पोचली, तेव्हा पानांचा मुकुट दुसरीच्याच डोक्यावर चढलेला होता.

दुसरी म्हणजे न्यूयॉर्कची सव्वीस वर्षांची रोझी रुईझ. कुणी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं. वेळ लागली होती 2 तास 31 मिनिटं 56 सेकंद. बॉस्टनला तोपर्यंत कुठल्याच बाईनं एवढ्या कमी वेळात शर्यत पुरी केलेली नव्हती. आदल्या वर्षी न्यूयॉर्कच्या शर्यतीत तिच्या नावावर होते 2 तास 56 मिनिटं. सहा महिन्यांत पंचवीस मिनिटं कमी! गर्दीनं टाळ्या वाजवल्या, पोलिसांनी आधार दिला. कुठली कोण पोर येते आणि सगळ्यांना मागे टाकते, अशी गोष्ट कुणाला आवडत नाही? मीही तिथं असते तर हात दुखेपर्यंत टाळ्या पिटल्या असत्या.

पण टाळ्या विरायच्या आतच कुजबुज सुरू झाली. तिचा चेहरा ताजातवाना, घाम जेमतेम. मैत्रिणींनो, दिवसभर पाट्यावर पुरण वाटलेली बाई आणि ऐन पंगतीला पदर खोचून वाढायला उभी राहिलेली बाई, या दोघींतला फरक आपल्याला कुणी सांगावा लागतो का? पुरुषांत पहिला आलेला बिल रॉजर्स तिच्याशी बोलला, तर तिला वाटेतलं धड काही आठवेना. टीव्हीवर मुलाखत घ्यायला होती, नशीब बघा, तीच कॅथरिन स्वित्झर. तिनं धावण्याच्या सरावातली एक अगदी प्राथमिक गोष्ट विचारली, तर हिला त्या शब्दाचा अर्थच माहीत नव्हता!

पुढचे आठ दिवस अवघ्या बॉस्टनला दुसरा विषय नव्हता. मला यात सर्वांत भावतं ते हे, की निवाडा शेवटी केला तो रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या माणसांनी. नाक्यानाक्यावर बायकांचे क्रमांक टिपणाऱ्यांच्या वह्यांत तिचं नाव नव्हतं. हजारो फोटो चाळले, वाटेतल्या एकातही ती नव्हती. दोन विद्यार्थी पुढे आले. शर्यतीचा शेवट मैलभरही उरला नव्हता, तिथं कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यूवर ती गर्दीतून बाहेर पडून रस्त्यावर येताना त्यांनी पाहिली होती. आणि न्यूयॉर्कच्या एका फोटोग्राफर बाईनं सांगितलं, आदल्या वर्षीच्या शर्यतीत ही मला भुयारी रेल्वेत भेटली होती! न्यूयॉर्कवाल्यांनी आधी तिचा तो निकाल रद्द केला, मग बॉस्टननं.

गारोला मुकुट आणि पदक मिळालं, पण आठवड्याभरानं. वरातीमागून घोडं! तो रस्ता, ती गर्दी, अंगातला तो दमट थकवा, आणि त्या क्षणी येणारं रडू, हे परत कुठून आणायचं? माझा राग आहे तो इथं. मुकुट परत करता येतो, दुपार परत करता येत नाही. आणि दुसरा राग असा, की झुडपात लपून धावणाऱ्या बाईपासून चौदा वर्षं बायका पटवून देत होत्या की आम्हाला हे झेपतं. ऑलिंपिकमध्ये तर बायकांची मॅरेथॉन अजून सुरूही झाली नव्हती, ती झाली 1984 ला. अशा वेळी एका बाईच्या लबाडीनं हसणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं.

रुईझनं जाहीरपणे शेवटपर्यंत कबुली दिली नाही, पदकही परत केलं नाही. 2019 साली ती वारली. वन्संचं म्हणणं, सुरुवातीला तिला पहिलं यायचंच नसेल. मध्येच घुसली, वेळेचा अंदाज चुकला आणि मग थापेतून सुटका होईना. असेलही. एकदा पाहुण्यांसमोर "घरीच केलंय हो" म्हटलं, की पाककृती विचारल्यावर पंचाईत होतेच.

पण म्हणून अनोळखी बाई जिंकली की नाकं मुरडायची का? याचं उत्तरही याच रस्त्यावर आहे. 2018 साली इथं थंडगार पाऊस आणि समोरून वारा, असा दिवस होता. नावाजलेले धावपटू एकामागून एक बाहेर पडले. पुरुषांत जिंकला जपानचा युकी कावाउची, जो तेव्हा एका शाळेच्या कचेरीत पूर्ण वेळ नोकरी करत होता. (आमच्या शाळेतल्या कारकुनांना मी हे आवर्जून सांगितलं. ते म्हणाले, "बाई, आम्ही फायलींमागे धावतो तेवढं पुरे.") बायकांत अमेरिकेची डेझिरी लिंडन जिंकली. तेहतीस वर्षांनी अमेरिकन बाई पहिली आली! आणि दुसरी आली सेरा सेलर्स, अ‍ॅरिझोनाच्या इस्पितळात भूल देणारी नर्स. नोकरी सांभाळून सराव करणारी, प्रवेश फी स्वतः भरलेली. ही कोण, कुठली, असं तेव्हाही सगळ्यांनी विचारलं. मात्र आता प्रत्येकाच्या नंबराला चिप असते, वाटेत ठिकठिकाणी तिची नोंद होते. नोंदी पाहिल्या, जागच्या जागी सापडल्या, आणि लोकांनी तिचं तोंडभर कौतुक केलं. शंका घेतली म्हणून तिचं काही कमी झालं नाही. पुरावा बघायचा आणि मग मोकळ्या मनानं टाळी द्यायची, एवढं जमलं तर शंका वाईट नसते.

आता तुमच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. मुलाबाळांकडे तिकडे जाणं झालं, तर एप्रिलचा तिसरा सोमवार साधा. त्या दिवशी तिथं सुट्टी असते. आगगाडीनं वेल्सलीला उतरा आणि कॉलेजच्या बाजूला उभ्या राहा. स्वेटर आणि छत्री दोन्ही हवीत, तिथल्या एप्रिलचा भरवसा नाही. डबा घरून न्या. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. आणि पहिल्या दहा जणी गेल्या की लगेच निघू नका. खरी मजा दुपारनंतर, जेव्हा तुमच्या-माझ्या वयाच्या, तुमच्या-माझ्या अंगलटीच्या बायका घामानं निथळत येतात. नंबराशेजारी पुष्कळ जणींनी आपलं नाव लिहिलेलं असतं. ते मोठ्यानं वाचायचं. वन्सं तर घसा बसेपर्यंत ओरडत होत्या, आणि ते नाव ऐकून एक पांढऱ्या केसांची बाई धावता धावता मागे वळून हसली.