तांबीची संध्याकाळ

तांबी ठाण्याच्या आमच्या घरी आली ती 2020 च्या दिवाळीनंतर. लॉकडाऊनमध्ये पास काढून आम्ही गुहागर तालुक्यातल्या गावी गेलो होतो आणि माझे शाळेचे ऑनलाइन तास पडवीतून चालू होते. जुलैतल्या एका दुपारी मुंगसाने कोंबडीला आणि तिच्या पिल्लांना मारलं. उरलं ते एकच पिल्लू, डाव्या पायाचं मागचं बोट तुटलेलं. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने त्याला चपलांच्या खोक्यात ठेवलं, हळद लावली, रात्री उशाशी घेतलं. परतायची वेळ आली तोवर त्या पिल्लाची तांबूस अंगाची, काळ्या शेपटीची तलंग झाली होती. लंगडणारीला मुंगूस पुन्हा गाठणार, हे लेकीने इतक्यांदा सांगितलं की शेवटी सासूबाईंनीच टोपली शोधून दिली.

तिसऱ्या मजल्यावरची आमची गॅलरी ग्रिलने बंद आहे. तिथे जुनी चादर अंथरली, पाण्याचं भांडं ठेवलं, वाटीत कण्या ठेवल्या आणि झोपायला पुठ्ठ्याचं मोठं खोकं दिलं. मला वाटलं, झालं सगळं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती येरझाऱ्या घालायला लागली. मान वर करून ग्रिलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि तोंडाने एकसारखा बारीक, ताणलेला आवाज. खोक्यात ठेवली की बाहेर. पुन्हा ठेवली की पुन्हा बाहेर. तिला एकटं वाटत असेल म्हणून आम्ही गॅलरीतला ट्यूबलाइट लावला, लेक शेजारी बसली. येरझाऱ्या थांबेनात. रात्री साडेनऊला ती वॉशिंग मशिनवर उडाली, तिथून कपड्यांच्या दांडीवर, आणि एक बोट नसलेल्या पायाने दांडी पकडता न आल्यामुळे धप्पकन खाली पडली.

सकाळी गावी फोन केला. सासूबाईंनी विचारलं, "रात्री बसते कशावर?"

"खोक्यात ठेवतो, आई."

"खाली कशी बसेल गो ती? कोंबडी वर बसते. आणि दिवा मालव आधी. उजेड असला की तिला रात्र झाली हे कळणार कसं?"

गावी मी हे रोज पाहिलं होतं. दिवस कलला की कोंबड्या एकेक करून आंब्याखाली जमायच्या, मान तिरकी करून फांदीचा अंदाज घ्यायच्या आणि चढायच्या. अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही, म्हणून उजेड पुरता विझण्याआधी तिला उंचावरची जागा गाठायची असते. माणसाळून हजारो वर्षं झाली तरी तिच्या रानातल्या पूर्वजांची ही सवय सुटलेली नाही. आमच्या ट्यूबलाइटने तिची संध्याकाळ नुसती लांबवत नेली होती. मी जुन्या पाटाची फळी कापून घेतली आणि चार फुटांवर बसवली. दांडी तिला पकडता येत नव्हती, सपाट फळीवर पाय टेकून बसता आलं. मध्ये एक स्टूल ठेवलं. त्या दिवसापासून सूर्य मावळला की गॅलरीतला दिवा बंद. ती स्टुलावर, मग फळीवर चढायची, दोनदा जागा बदलायची, पिसं फुलवून पाय पोटाखाली घ्यायची. कधी कधी तिचा एक डोळा मिटलेला आणि दुसरा उघडा दिसायचा. पक्ष्यांच्या मेंदूचा अर्धा भाग झोपतो आणि अर्धा पहाऱ्याला जागा राहतो, हे मी मुलांना शिकवलं होतं. घरात बघितलं ते पहिल्यांदाच.

पुढची गोष्ट घडली ती डिसेंबरात, भर दुपारी. मी तास घेत होते आणि लेक किंचाळली. तांबी पायपुसण्यावर एका कुशीवर पडली होती. पंख थरथरत होते, वरचा पाय झाडल्यासारखा हवेत चालला होता, मान वाकडी करून डोकं पायपुसण्यावर घासत होती, डोळे अर्धे मिटलेले. माझ्या मनात मानमोडीच आली. गावात या रोगाने खुराडीच्या खुराडी रिकामी झाल्याचं मी ऐकलं आहे. त्यात पक्षी लुळा पडतो, मान पिळवटते. मी तिला उचलून घेतलं, चोचीत पाणी घातलं. ती धडपडून सुटली आणि परत तिथेच जाऊन तशीच पडली. लेक रडत होती. मी व्हिडिओ कॉल लावून सासूबाईंना दाखवलं.

त्यांनी क्षणभर बघितलं. "अंघोळ करतेय ती. मातीत लोळतात तशी. माती नाय ना तिथं."

माती नव्हती, तरी ती लोळत होती. चोचीने पायपुसण्यावरची नसलेली धूळ छातीकडे ओढत होती, पंखाने ती नसलेली धूळ पाठीवर उडवत होती. ते दृश्य मला अजून विसरता येत नाही. महिनाभर ती आमच्याकडे होती, आम्ही तिला बदाम भरडून घालत होतो, आणि जी वस्तू गावी फुकट पायाखाली असते ती आमच्या लक्षातच आली नव्हती.

त्या संध्याकाळी नर्सरीतून कोरडी लाल माती आणली, थोडी बारीक वाळू मिसळली आणि खालच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख मागून आणली. सगळं एका मोठ्या घमेल्यात. दुसऱ्या दिवशी साधारण बारा वाजता ती घमेल्याच्या काठावर चढली. आधी चोचीने चाचपलं. मग पायाने दोनदा उकरलं. मग खाली बसली, चोचीने माती अंगाजवळ ओढली, पिसं इतकी फुलवली की ती दुप्पट दिसायला लागली, आणि मग पंख आणि पाय एकदम चालू झाले. माती पिसांच्या आत, थेट कातडीपर्यंत जात होती. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळून डोकं, गाल घासून झाले की ती मेल्यासारखी स्वस्थ पडून राहायची; पहिल्या दिवशी तेवढ्यानेही लेक घाबरली. अर्ध्या तासाने उठून तिने असं अंग झाडलं की गॅलरी धुरळ्याने भरली. पिसांवर चढलेलं जुनं तेल या मातीने निघतं, उवांसारखे किडे कमी होतात. मग शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं ताजं तेल चोचीला घेऊन एकेक पीस विंचरणं, हे पुढे तासभर.

त्यानंतर मी वाचायला लागले. युरोपीय संघाने 2012 च्या जानेवारीपासून अंड्यांच्या कोंबड्यांसाठी नुसत्या जाळीचे पिंजरे बंद केले. त्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला 550 चौरस सेंटिमीटर जागा यायची, म्हणजे मी मुलांच्या प्रश्नपत्रिका छापते त्या ए-फोर कागदापेक्षाही कमी. नव्या पिंजऱ्यात जागा थोडी वाढवली, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरटं हवं, बसायला दांडी हवी, टोचायला-उकरायला भुसा हवा असं कायद्यात लिहिलं. ती यादी वाचताना मला गॅलरीच दिसत होती. तांबी आमच्याकडे एकेक करून नेमकं हेच मागत होती. आपल्याकडची बहुतेक फार्मची अंडी आजही जाळीच्या पिंजऱ्यातूनच येतात. तेव्हापासून बाजारातली अंडी घेताना माझा हात थांबतो.

उकरण्याचं कोडं लवकर सुटलं. वाटीतल्या कण्या ती पायाने उडवून द्यायची, आणि मग सांडलेल्या टिपायची. आम्ही कण्या गवताच्या पेंढ्यात विखरून टाकायला लागलो. सकाळचे दोन तास ती त्यात रमायची, आणि एरवी लेकीच्या पायाची बोटं टोचायची तेही बंद झालं.

जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू असल्याचं निष्पन्न झालं. ठाण्यातही मेलेले बगळे सापडल्याच्या बातम्या आल्या. सोसायटीतली चार माणसं दारात आली. त्यांची भीती खरी होती, घरोघरी म्हातारी माणसं होती आणि एका साथीत आम्ही होतोच. मी ग्रिलला बारीक जाळी लावली, जेणेकरून कबुतराची शीटही आत पडू नये, दिवसातून दोनदा गॅलरी धुतली, आणि त्यांना बोलावून दाखवली. दोघांचं समाधान झालं, दोघांचं नाही. ते आजही लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

नेमक्या त्याच आठवड्यात तांबी अंड्यावर आली. तुरा लालभडक झाला. पाठीवर हात ठेवला की पंख किंचित पसरून खाली दबून बसायची. माया करतेय असं लेकीला वाटलं. खरं तर वयात आलेली कोंबडी कोंबड्यासमोर अशीच बसते. मग एका सकाळी ती घरभर फिरायला लागली. सोफ्यामागे, माझ्या कपाटात साड्यांच्या घडीवर, धुण्याच्या बादलीत. प्रत्येक ठिकाणी बसून बघायची, गोल फिरायची, उठायची. मी तिला तीनदा हाकललं. शेवटी शिवणयंत्रामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गावाहून आणलेली तीच टोपली होती, तिच्यात ती शिरली. पाऊण तासाने सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडत बाहेर आली. अंडं लहान होतं, फिकट तपकिरी, एका टोकाला रक्ताचा बारीक ठिपका. लेकीने ते ओंजळीत धरलं तेव्हा ते अजून गरम होतं. टोपली तिथेच राहिली.

मार्चच्या मध्यावर अंडी थांबली आणि ती टोपलीतून उठेना. टोपली रिकामी होती. जवळ गेलं की अंग फुगवून घोगरं गुरगुरायची, हातावर टोचायची. दिवसातून एकदाच उठून घाईघाईने खायची आणि परत. छातीखाली हात घातला तर पिसं उपटलेली, कातडी तापल्यासारखी गरम. या वेळी मी आजार म्हटलं नाही. फोनवर फक्त विचारलं, "आई, खुडूक झाली ना?"

"खुडूकच. गार पाण्यात बुडवून काढ दोन-तीन दिवस, उतरेल."

गावात हाच उपाय. कोणी नाकात पीस घालतात, कोणी पाय बांधून ठेवतात. मी बादली भरली, तिला उचललं, आणि पोटाची ती ऊब हाताला लागल्यावर बादली तशीच ओतून टाकली. चार महिने तिची प्रत्येक गोष्ट तिच्या बाजूने समजून घ्यायचा प्रयत्न केला होता. बसायचं म्हणत होती तर तिला बसू द्यावं, एवढंच मनात आलं. शिमग्याला गावी जायचं ठरलंच होतं.

तांबीला टोपलीसकट नेलं, वर जुनं लुगडं झाकून. रात्री सासूबाईंनी अंधारातच शेजारच्यांकडून आणलेली नऊ अंडी एकेक करून तिच्या पोटाखाली सारली. तिने चोचीने ती आत ओढून घेतली. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात दोन अंडी कोरी दिसली, ती काढली. एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध लागले आणि आम्ही तिथेच राहिलो. विसाव्या दिवशी लेकीने मला हाक मारून टोपलीला कान लावायला सांगितला. अंड्यांच्या आतून चिवचिव येत होती, आणि तांबी अगदी हळू, घशातल्या घशात उत्तर देत होती. तो आवाज आम्ही गॅलरीत कधीच ऐकला नव्हता.

सातही पिल्लं निघाली. तिसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन अंगणात उतरली, लंगडत, दर दोन पावलांवर उकरत, दाणा चोचीत धरून परत खाली टाकत. संध्याकाळ झाली. बाकीच्या कोंबड्या आंब्यावर चढल्या. लेक पायरीवर बसून तांबीकडे बघत होती; रोज या वेळी ती कशी अस्वस्थ व्हायची ते आम्हा दोघींना पाठ होतं. तांबीने मान वर केली नाही. भिंतीच्या कडेला जमिनीवर बसून तिने पंख थोडे उचलले, आणि एकेक करून सातही पिल्लं खाली शिरली. सासूबाईंनी अलगद वरून डालगं ठेवलं आणि त्यावर पाटा सरकवला.