तक्रार आम्हीच केली होती

दोन वर्षांपूर्वी आमची मुलगी सातवीत होती. एके दिवशी शाळेतून येताना तिने रस्त्यावरच्या रिकाम्या बाटल्या आणि डबे पिशवी भरून आणले. "विज्ञानाच्या बाईंनी सांगितलंय," म्हणाली. आमचे माथे भडकले. आमच्या आईने आयुष्यभर लोकांचा कचरा उचलला, तो काय नातीनेही उचलावा म्हणून? आम्ही पेशाने कारकून. अर्ज लिहिण्यात वस्तीत आमचा हात धरणारा कोणी नाही. त्याच रात्री मंडळाच्या नावाने तक्रार लिहिली आणि सकाळी मुख्याध्यापकांना नेऊन दिली. बाईंकडून लेखी खुलासा मागवला गेला. आम्हाला वाटले, मोठे सामाजिक कार्य केले!

महिनाभराने मुलीची वही सहज चाळली. बाटलीला एकाखाली एक तीन भोके आणि त्यांतून पडणारे पाणी, असे चित्र होते.

"खालची धार जोरात का गं?"

"खाली पाण्याचा दाब जास्त असतो, पप्पा. पण आता बाई प्रयोग करत नाहीत. नुसता धडा वाचतात."

आम्ही बी.कॉम. झालो, पण हा दाब आम्हाला कोणी कधी दाखवला नव्हता. मुलीला दाखवणारी एक बाई भेटली, तर तिचे हात आम्हीच बांधले.

बाईंना भेटून माफी मागितली. म्हणालो, "मॅडम, आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी तुमची फाइल आम्ही तयार करतो." बाई हसल्या. "दादा, फाइल नको. आमच्या प्रशिक्षणात प्रयोग पडद्यावर दाखवतात. तो स्वतःच्या हाताने करायला मिळावा, आणि फसला तर का फसला हे विचारायला कोणी असावं. एवढं झालं तरी पुष्कळ."

हे मागणे काही जगावेगळे नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यात, १९७२ साली सहावी ते आठवीच्या १६ शाळांत असे काम सुरू झाले. १९७८ पासून ते जिल्हाभर पसरले. सुट्टीतल्या शिबिरात गुरुजी स्वतः प्रयोग करीत, आणि महिन्याच्या बैठकीत आपल्या अडचणी मांडीत. विद्यापीठांतले शास्त्रज्ञ त्यांच्यासोबत बसत. पुढे त्याच गुरुजींपैकी अनेक जण इतरांना शिकवू लागले. याहून मोठा मान कोणता? २००२ साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षणाची संधी द्यावी, असे म्हटले आहे. चांगलेच आहे. पण तास कागदावर कसे भरतात, हे कारकुनाला कोणी सांगायला नको. त्यातले निम्मे तरी हातात साहित्य घेऊन व्हावेत.

आम्ही शाळेला दुसरे पत्र दिले. आमची तक्रार चुकीची होती, असे स्वच्छ लिहिले. यंदा मंडळाच्या गुणगौरव समारंभात बाईंना शाल दिली नाही. समाजमंदिरात पालकांसमोर प्रयोग करण्याची विनंती केली. बाटल्या आमच्या आईने धुऊन आणल्या होत्या. पाण्याची धार पाहायला ती सर्वांत पुढे बसली.

वाचकहो, आपल्या मुलांच्या शाळेत विज्ञान कोण शिकवते, हे आपणास ठाऊक आहे का? एकदा जाऊन भेटा. आणि तक्रार लिहिण्याआधी मुलांची वही बघा.