करारात नाव कुणाचं?

हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा एकटीनं राहायचं की मुलींसोबत, यावर लातूरला घरी बराच काथ्याकूट झाला. आईचं एकच पालुपद : "आजारी पडलीस तर पाणी द्यायला तरी कुणी पाहिजे ना!" मला स्वतःची खोली हवी होती. निकाल मात्र डिपॉझिटनं लावला.

वाकडला वन-आरके बघितली. भाडं १३ हजार, डिपॉझिट ४० हजार, शिवाय एजंटला एका महिन्याचं भाडं. पहिला पगार व्हायच्या आत ६६ हजार मोजायचे. जवळच तिघी मुलींचा टू-बीएचके होता. त्यातली एक लग्न ठरलं म्हणून चालली होती. तिचे ३० हजार तिच्या हातात ठेवायचे आणि महिन्याला नऊ हजार द्यायचे. विषय संपला.

फ्रिजमध्ये प्रत्येकीचा कप्पा, दुधाच्या पिशवीवर मार्करनं नाव. एकीची अमेरिकेच्या वेळेची शिफ्ट. ती पहाटे येऊन झोपायची, त्यामुळे सकाळी मिक्सरला हात लावायचा नाही. आईनं दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर मात्र कुणाचंच नाव नसायचं, बरणी आठवडाभरही टिकत नसे. मी तापानं फणफणले तेव्हा त्याच पहाटवालीनं झोप मोडून मला दवाखान्यात नेलं. आईचं खरं झालं, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

पुढे मालकांनी फ्लॅट विकायला काढला आणि आम्हाला घर सोडायला सांगितलं. पुण्यात डिपॉझिटचा खो-खो सर्रास चालतो : येणारीनं जाणारीला पैसे द्यायचे, मालकाकडची मूळ रक्कम जागच्या जागी. आमच्या करारावर नाव होतं पहिल्या मुलीचं, आणि ती कधीच हैदराबादला गेलेली. मालकांनी रंगकामाचे पैसे कापून उरलेली रक्कम तिच्या खात्यावर टाकली. मुलगी सरळ होती, तिनं पाठवले. पण ते येईपर्यंत आम्ही तिघी रोज बँकेचं ॲप उघडून बघत होतो. ती सरळ नसती तर आमच्याकडे दाखवायला कागद कुठला होता?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या (१९९९) कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. आता नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा घेऊन. पण हे सगळं करारातल्या भाडेकरूसाठी. मागाहून आलेली मुलगी त्या कागदावर नसतेच.

आता मी एकटी राहते. मिक्सर कधीही लावते. वायफाय, सिलिंडर, भांडीवाल्या मावशींचा पगार, कशालाच तीननं भाग जात नाही. पगार वाढला म्हणून झेपतं. तरी नव्यानं येणाऱ्या मुलीला मी पहिलं वर्ष सोबतच राहायला सांगेन. फक्त, करार बहुधा ११ महिन्यांचाच असतो, तेव्हा नूतनीकरण जवळ असलेलं घर बघा आणि नव्या करारात आपलं नाव घालून घ्या. तोवर डिपॉझिटचे पैसे रोख देऊ नका, खात्यावरूनच पाठवा. नाव घालायला मालक कां-कूं करत असतील, तर दुसरं घर शोधा.