शब्द टाकण्याची नोंद

"जरा साहेबांकडे शब्द टाका ना." आमचे वडील पुणे महापालिकेत कारकून होते. त्यामुळे हे वाक्य लहानपणी मी घरच्या पायरीवरच ऐकलं. येणाऱ्याच्या हातात कधी आंब्याची पेटी असे, कधी नुसतंच काकुळतीला आलेलं तोंड. शब्द टाकला की नाही, कोणाकडे टाकला, कशासाठी टाकला, हे कुठेही लिहिलं जात नसे. लिहायचं असतं, असं कोणाच्या मनातही येत नसे.

आता मी टोरांटोत राहते आणि टाकलेल्या शब्दांच्या तारीखवार नोंदी ठेवते. त्याचा मला पगार मिळतो. माझ्या कामाचं नाव 'लॉबिंग कम्प्लायन्स'. आईला ते अजून समजावता आलेलं नाही.

एक उदाहरण सांगते. काही वर्षांपूर्वी स्कारबरोच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आपल्या मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणे म्हणून स्थानिक नगरसेवक आले होते. मी ज्यांचं काम पाहते, त्या एका बांधकाम कंपनीचे वरिष्ठ अधिकारी तिथेच होते. फराळाची रांग पुढे सरकत होती. हातात चकलीची बशी घेऊन साहेब नगरसेवकांशेजारी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, आमच्या प्लॉटवर चार मजले वाढवून मिळावेत असा अर्ज आहे, तेवढं बघा. जेमतेम दोन मिनिटांचं बोलणं. मी घाईघाईने हातातली बशी खाली ठेवली.

कारण टोरांटोच्या नियमांनुसार ते लॉबिंग झालं होतं. जागा कोणती, कपडे कसले, हे नियम बघत नाहीत. बोलणारा पगारी माणूस, ऐकणारा लोकप्रतिनिधी आणि विषय झोनिंगचा, म्हणजे जागेवर काय आणि किती बांधायचं याचा, एवढं पुरतं. सुदैवाने कंपनीने तो विषय महापालिकेच्या लॉबिंग रजिस्टरमध्ये आधीच नोंदवलेला होता. आधी नोंदणी आणि मग भेट हा इथला क्रम. तो चुकला असता तर पुढे निस्तरणं माझ्याकडेच आलं असतं. आता फक्त त्या बोलण्याची भर घालायची होती, तीही कामकाजाच्या 3 दिवसांत. कार्यक्रम शनिवारी, म्हणजे बुधवारपर्यंत मुदत. रविवारी साहेबांचा फोन आला, "ताई, ते सहज बोलणं होतं हो." मी म्हटलं, सहज बोलण्याचीच तर नोंद करायची असते. ठरवून केलेल्या भेटी कोणाच्या तरी डायरीत असतातच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नगरसेवकांच्या कार्यालयात फराळाचा डबा पाठवायचं काढलं. तोही थांबवावा लागला. इथे नोंदणीकृत लॉबीस्टने लोकप्रतिनिधीला किंवा महापालिकेच्या कर्मचाऱ्याला भेटवस्तू द्यायची नसते. करंज्यांना सूट नाही.

हे सगळं आलं कुठून? 1998 मध्ये आजूबाजूच्या पालिका एकत्र करून आजचं टोरांटो झालं. सगळ्यांचे संगणक वेगवेगळे, त्यात 2000 साल उजाडताना ते बंद पडतील ही धास्ती. 1999 मध्ये महापालिकेने एमएफपी नावाच्या कंपनीकडून संगणक भाड्याने घेण्याचा करार केला. सभागृहाने मंजूर केले होते सुमारे 4 कोटी 30 लाख डॉलर. बोजा जाऊन पोचला 8 कोटींच्या वर. सभागृहाच्याच मागणीवरून न्यायमूर्ती डेनिस बेलामी यांनी चौकशी केली, तेव्हा गोल्फ, जेवणावळी, हॉकीचे सामने सगळं बाहेर आलं. कंपनीच्या लोकांबरोबर खास विमानाने फिलाडेल्फियाला सामना बघायला अर्थसंकल्प समितीचा तत्कालीन प्रमुखही गेला होता. 2005 च्या अहवालात 241 शिफारशी होत्या. लॉबीस्टची नोंदणी ही त्यातली एक. 2008 मध्ये रजिस्टर सुरू झालं. त्यासाठी स्वतंत्र रजिस्ट्रार आहे आणि तो महापौरांच्या हाताखाली नाही. नियम मोडणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी 25 हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, पुढच्या प्रत्येक गुन्ह्यासाठी 1 लाखापर्यंत.

काम मिळालं तरच फी, अशी बोली लॉबीस्टला करता येत नाही. मला हे कलम सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. टक्केवारीवर काम करणारा माणूस कुठवर जाईल ते आपल्याला सांगायला नको. टेंडर निघालं की नेमून दिलेल्या अधिकाऱ्याखेरीज कोणाशीही त्याबद्दल बोलायचं नाही. आणि महापालिकेतली वरिष्ठ खुर्ची सोडल्यावर 12 महिने तिथे लॉबिंग करायचं नाही.

सामान्य नागरिकाला मात्र यातलं काही लागू नाही. घरासमोरचा खड्डा, न उचललेला कचरा यांची तक्रार म्हणजे लॉबिंग नव्हे. समितीच्या जाहीर बैठकीत उभं राहून बोलणं हेही नव्हे, कारण ते सगळ्यांसमोर असतं. ही रेघ नीट आखली नाही तर रजिस्टरच्या धाकाने गरीब माणूस नगरसेवकाच्या दारात जायचा थांबेल आणि बिल्डर वकील लावून जातच राहील.

रजिस्टरचा दुबळेपणाही मला रोज दिसतो. कोण, कोणाला, कधी, कोणत्या विषयावर भेटलं एवढंच त्यात येतं. बोलणं काय झालं ते येत नाही. निवडणुकीत कोणी कोणासाठी पदरमोड करून राबलं, तेही या रजिस्टरात सापडत नाही. शिवाय न नोंदवलेली भेट कोणीतरी तक्रार केल्याशिवाय सहसा उजेडात येत नाही.

आपल्याकडे 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यानेही पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असलेल्या नगरसेवकाला अपात्र ठरवलं. माहिती अधिकारात फायलीवरचे शेरे मागता येतात. पण फाईल हलण्याआधी कँटीनमध्ये काय ठरलं, त्याला शेरा नसतो. 2013 मध्ये लोकसभेत लॉबिंग उघड करण्याबाबत एक खासगी विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. दिल्लीची वाट कशाला बघायची? जिथे झोनिंग आणि टेंडरं ठरतात, तिथूनच सुरुवात व्हावी. निवडणुकीच्या वेळी तुमच्या वॉर्डाचा उमेदवार दारात आला तर त्याला एवढंच विचारा, की तुम्हाला कोण कोण भेटायला येतं याची वही ठेवाल का, आणि ती आम्हाला बघायला मिळेल का?

आमच्या साहेबांची त्या शनिवारची नोंद टोरांटोच्या रजिस्टरमध्ये आहे. नगरसेवकाचं नाव, तारीख, प्रकार 'भेट', विषय झोनिंग. कोणीही घरबसल्या, फुकट बघू शकतं. चकलीचा उल्लेख नाही.