पावसावरची पुंजी

आमच्या आजीची गुंतवणूक घरभर आणि शिवारभर पसरलेली असायची. वाड्यात जमिनीखाली पेव, गोठ्यात शेळ्या, गळ्यात बोरमाळ आणि लोखंडी पेटीत लुगड्याच्या घडीखाली पोस्टाचं पासबुक. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या पट्ट्यात खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरात साधारण असंच चित्र दिसे.

पेव उघडायचा दिवस मला लख्ख आठवतो. तोंडावरची माती आणि कडबा बाजूला केला की आतून उबट, आंबूस वास यायचा. लगेच कुणी आत उतरायचं नाही. आधी दोरीला बांधून कंदील सोडायचा, तो विझला नाही तरच माणूस खाली. ज्वारी विकायची ती भाव चढल्यावरच, हा घरचा नियम. शेळीचा हिशेब याहून सोपा. उस्मानाबादी शेळी बहुधा जुळी देते. एक पिल्लू बाजाराला, एक दावणीला. नेकनूरच्या बाजारात शेळी विकली की दवाखाना नाहीतर बी-बियाणं निघायचं. शेतातही हीच रीत. कापसात तुरीच्या ओळी आणि ज्वारीच्या कडेनं काटेरी करडई, म्हणजे जनावरं आत शिरत नाहीत आणि वर्षाच्या तेलाचीही सोय होते.

त्या माणसांच्या शहाणपणाचं मला मनापासून कौतुक आहे. पण त्यातली मोठी फट 1972 च्या दुष्काळानं उघडी पाडली. धान्य, जनावर, जमीन सगळं एकाच पावसाच्या भरवशावर. पेवं रिकामी झाली. चाऱ्याविना जनावरं बाजारात आली, सगळ्यांचीच एकदम आली, म्हणून मातीमोल भावानं गेली. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या कितीतरी बायांचं सोनं सावकाराकडं गहाण पडलं. पोस्टातली रक्कम तेवढी होती तशी राहिली, कारण तिला आमच्या पावसाशी देणंघेणं नव्हतं.

1988 साली किसान विकास पत्र आलं. साडेपाच वर्षांत दामदुप्पट, तेही सरकारी हमीवर! लोकांनी मुलींच्या लग्नाचा हिशेब धरून ती पत्रं घेतली. आज तीच रक्कम दुप्पट व्हायला 115 महिने लागतात. व्याज उतरत गेलं तशी माणसं चढ्या टक्क्यांच्या शोधात निघाली आणि गावोगावी मल्टिस्टेट पतसंस्थांच्या पाट्या लागल्या. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये 12 ते 14 टक्क्यांच्या आश्वासनावर लाखो ठेवीदारांनी पैसे ठेवले. 2023 च्या अखेरीपासून ठेवी मिळेनाशा झाल्या, पुढे ईडीनं मालमत्तांवर टाच आणली. कुणाची निवृत्तीची पुंजी, कुणाचे लेकीच्या लग्नाचे पैसे. त्या रांगा आठवल्या की जीव तुटतो. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. एवढी साधी गोष्ट ठेवीदाराला पावती फाडण्याआधी कुणीतरी सांगायला हवी होती.

माझी भाची केज तालुक्यात शिक्षिका आहे. तिचं पीपीएफचं 15 वर्षांचं खातं आहे, थोडं सोनं आहे, सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत आहे आणि पगार झाला की निफ्टीच्या इंडेक्स फंडात एसआयपीचा हप्ता जातो. तिच्याच तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण 2016 साली कोरडंठाक पडलं, लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं; पण देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा धंदा त्यानं अडला नाही. आजीला हवी असूनही मिळाली नसती अशी सोय ती हीच. अर्थात बाजारालाही त्याचा दुष्काळ असतो. 2020 च्या जानेवारीत 42 हजारांवर गेलेला सेन्सेक्स मार्चमध्ये 26 हजारांखाली आला, तेव्हा माझ्या बहिणीनं "काढून घे गं ते पैसे" असा धोशाच लावला. भाचीनं हप्ता बंद केला नाही. म्हणाली, "आई, हे पैसे मला वीस वर्षांनी लागणारेत. आत्ता लागतील ते बँकेत आहेत."