खलिफा सिटीतला तित्तर

खलिफा सिटीत पहाटे तित्तर ओरडतो. पहिल्या वर्षी ऐकला तेव्हा मी अंथरुणात उठून बसले. क्षणभर वाटलं, माहेरी आहे, म्हसवडला. खिडकीबाहेर बघितलं तर वाळूच्या रंगाची पुरुषभर उंच भिंत, शेजारच्या व्हिलाच्या गच्चीवर पाण्याची टाकी आणि विमानतळाकडं उतरणारं एक विमान. तित्तर मात्र खराच होता. कडुलिंबाच्या आळ्याशेजारून एक जोडी लगबगीनं चालली होती, लग्नघरात उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखी. पक्षी पाहणारे सांगतात, हा राखी तित्तर इथला मूळचा नव्हे, माणसांनी आणून सोडला आणि तो रुळला. साळुंकीचंही तसंच. कडुलिंब तर उघडच आपला. एवढी मंडळी आधी येऊन स्थायिक झालेली बघून मला जरा धीर आला.

आम्ही दोघं नोव्हेंबरात येतो आणि मार्चअखेर पुण्याला परततो. मुलगा-सून इथं एका व्हिलाच्या मागच्या भागात भाड्यानं राहतात. त्यांनी काढलेल्या व्हिसावर आम्ही येतो, पाहुणे म्हणून. गंमत अशी की ह्यांनी याच अबुधाबीत सव्वीस वर्षं नोकरी केली. 1990 साली आले, दोन वर्षांनी मी आले, आणि 2016 साली नोकरी संपली तशी आमची रहिवासाची मुदतही संपली. इथला कायदा तेव्हा तसाच होता, त्यात तक्रार नाही. पण ज्या गावात मुलाला सायकल शिकवली, त्या गावाच्या विमानतळावर आता आम्हाला विचारतात, किती दिवसांसाठी?

खरं सांगायचं तर त्या सव्वीस वर्षांत हा मुलूख आम्ही पाहिलाच नव्हता. टुरिस्ट क्लब भागात फ्लॅट, एक खोली आमची, दुसरी एका केरळी कुटुंबाची. सुट्टी फक्त शुक्रवारची. ह्यांची झोप, आठवड्याची भाजी, पुण्याला फोन, संध्याकाळी कॉर्निशवर एक फेरी, झाला शुक्रवार. वाळवंट म्हणजे अल ऐनला जाताना बसच्या खिडकीतून दिसायचं ते. मी डोळे मिटून घ्यायचे. दुष्काळी मुलखातून सुटका व्हावी म्हणून आईनं मला नोकरीवाला नवरा बघून दिला होता. आता मुद्दाम कशाला बघायचा तो रखरखाट?

1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. माणगंगेच्या पात्रात झरे खणायचे, वाटीवाटीनं पाणी भरायचं. शाळेत सुकडी मिळायची, तिची चव अजून जिभेवर आहे. हे देवगडचे. ह्यांच्या लेखी पाऊस नाही तिथं काहीच नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी आले तेव्हा माळाकडं बघत म्हणाले होते, “अगं, इथं बघायचं काय?” अबुधाबीच्या वाळवंटाबद्दलही त्यांचं मत तेच होतं. फरक एवढाच की या खेपेला मीही मान डोलावली होती.

ते मत बदललं अल वथबामुळं, आणि तेही आडवाटेनं.

जानेवारीतल्या एका शनिवारी मुलगा म्हणाला, “आई-बाबा, फ्लेमिंगो बघायला चला.” आता सुट्टी शनिवार-रविवारची असते, 2022 पासून सरकारनं आठवडाच बदलला. पहाटे निघालो तर दाट धुकं. हिवाळ्यात इथं असं धुकं पडतं की समोरच्या गाडीचे दिवेसुद्धा विरघळून जातात. रस्त्यावरच्या पाट्यांवर वेगमर्यादा आपोआप ऐंशीवर येते, आणि एरवी सुसाट पळणारी गाडी गरीब होऊन चालते. अल वथबा शहरापासून चाळीसेक किलोमीटर. वाटेत उंटांच्या शर्यतीचं मैदान लागलं. अंगावर झुली घातलेले उंट धुक्यातून ओळीनं सरावाला निघाले होते. यांच्या पाठीवर आता पोरं नसतात, छोटे यंत्रमानव बसवतात. म्हसवडच्या रथाला गर्दी करणाऱ्या आमच्या लोकांना हे सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

पाणथळीवर पोचलो तेव्हा धुकं उचलत होतं. आधी नुसता आवाज आला, पुष्कळ बायका एकदम बोलत असल्यासारखा. मग पाणी दिसलं, मग पाण्यावर एक फिकट गुलाबी पट्टा. रोहित! ऐरोलीला नणंदेच्या घरून खाडीत लांबून पाहिलेले, पण तिथं चिखल, पूल, तारा. इथं मागं वाळूची टेकडी आणि पुढं हे लाल पायांचं माहेरवाशिणींचं मंडळ, मान वाकडी करून, चोच उलटी करून पाणी गाळत बसलेलं. या पाण्यात आर्टेमिया नावाची बारीक कोळंबी असते. तिच्यातलं रंगद्रव्य पिसांत उतरतं म्हणून पक्षी गुलाबी. 1998 साली इथं रोहितांनी अंडी घालून पिल्लं वाढवली, शेख झायेद यांनी त्याच वर्षी ही जागा राखीव केली, आणि 2013 मध्ये ती रामसर यादीत गेली. लपून पक्षी बघायच्या लाकडी खोपटात आमचे हे फलकावर हे सगळं वाचत होते. वाचता वाचता थांबले.

“अगं, हे पाणी मफ्रकचं आहे.”

मला कळेना. मफ्रक म्हणजे तिथलं सांडपाण्याचं शुद्धीकरण केंद्र. या पाणथळीला तिथलं प्रक्रिया केलेलं पाणी मिळत आलं. आणि हे सव्वीस वर्षं काय करत होते? मुसफ्फा-मफ्रकच्या पट्ट्यात मैलापाण्याच्या पाइपलाइनीवर सुपरवायझर होते. पन्नास अंशांच्या जवळपास जाणाऱ्या उन्हात चरात उतरून उतार मोजायचा, जोड तपासायचे. घरी आले की आधी बादलीभर पाण्यात डेटॉल. पाहुण्यांनी विचारलं की आम्ही सांगायचो, “कन्स्ट्रक्शनमध्ये आहेत.” मैलापाणी हा शब्द मी कुणापुढं कधी उच्चारला नाही. लाज वाटायची, आता लिहिताना ती लाज वाटल्याची लाज वाटते.

हे खोपटाच्या फळीवर हात टेकून बराच वेळ पाण्याकडं बघत राहिले. मग मुलाला म्हणाले, “मी पाइप टाकले. पाणी पुढं कुठं जातं हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.” एवढंच. नंतर दोन तास त्यांनी दुर्बीण कुणाला दिली नाही.

तेव्हापासून आमचे हिवाळे बदलले. एरवी घरात बातम्या लावून बसणारा माणूस गुरुवारपासूनच मुलाला विचारतो, शनिवारी कुठं? माझ्याकडं डब्याचं खातं. ज्वारीच्या भाकरी रेतीत न्यायच्या नसतात, दाताखाली करकरतात. एकदा नेल्या आणि शिकले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, थर्मासात चहा. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो होतो; दुपारी जेमतेम चोवीस अंश, रात्री शाल लागते. जुलैत याच वाळूवर पाय ठेवता येत नाही.

अल वथबाजवळच जीवाश्म टेकड्या आहेत, 2022 पासून तिथं नीट वाट केली आहे. कधी काळी वाळूच्या टेकड्यांत ओल मुरली, क्षारांनी वाळूचे कण एकमेकांना धरले, आणि पुढं वाऱ्यानं मऊ भाग खाऊन कडक भाग ठेवला. लाटा, कमानी, भोकं. माझ्या मनात जेजुरीच्या जुन्या पायऱ्या आल्या. हे हात फिरवून म्हणाले, “सिमेंटचं प्रमाण बरं आहे.” तेवढ्यावर ती सहल संपली. सगळ्याच जागा बोलत नाहीत.

गाफचं झाड मात्र बोललं. अल खतिमच्या बाजूला, अल ऐन रस्त्याच्या आत, वाळूत एकटं उभं असलेलं ते झाड लांबून बघितलं आणि मी गाडी थांबवायला लावली. फांद्या खाली झुकलेल्या, पण खालची कड सरळ रेषेत कातरलेली. उंटाची मान पोचते तिथवरचा पाला उंटांनी खाल्लेला. आमच्याकडं बाभळीची अशी कड शेळ्या करतात, थोडी खाली. जवळ गेले, पान हातात घेतलं, बारीक काटा बोटाला लागला. सौंदड! आमच्या गावी दसऱ्याला सीमोल्लंघनाला जातात ती सौंदड, पोथीतली शमी, पांडवांनी शस्त्रं लपवली ती. गणपतीच्या पत्रीत जिची पानं शोधायला आम्ही पोरी मैलभर भटकायचो, ती इथं राष्ट्रीय वृक्ष आहे, 2008 पासून. मुळं खोल खोल पाण्यापर्यंत जातात, वर मात्र गाजावाजा नाही. चोवीस वर्षं बसमधून मी हिच्यावरूनच गेले असणार, डोळे मिटून.

मी नमस्कार केला. सून हसली नाही, तिनंही केला. सतरंजी तिथंच टाकली, आणि ह्यांनी पहिल्यांदा, लग्नाच्या चाळीस वर्षांनी, मला विचारलं, “तुमच्या माळावर आणखी काय काय असतं?”

मग मी दाखवत सुटले. ही रुई, हिची पानं मारुतीला. हे सराटे, चप्पल काढू नका. हे कडू इंद्रावण, चेंडूएवढं फळ, दिसायला कलिंगडाचं पिल्लू, चाखायला जाऊ नका. कोकणातला माणूस वाळवंटात माझ्या मागं मागं चालत होता. मी मुद्दाम थोडी लांबची वाट धरली.

आता फजितीही सांगून टाकते. फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. मुलाला वाटलं, गाडी चार चाकं फिरवते म्हणजे झालं. उतारावर चाकं रुतली. जितका जोर दिला तितकी खाली. आम्ही हातांनी वाळू उपसतोय, सून फोनची रेंज शोधतेय, अंधार पडतोय. तेवढ्यात एक पिकअप आली. पांढरी कंदुरा घातलेले, पंच्याहत्तरीतले एक स्थानिक गृहस्थ उतरले. अनवाणी. आमच्याकडं बघून सरळ हिंदीतच म्हणाले, “हवा निकालो, हवा.” जुन्या पिढीतल्या इथल्या लोकांना हिंदी येतं, मुंबईशी मोत्यांचा व्यापार होता, 1966 पर्यंत अबुधाबीत चलनही रुपयाच होतं. त्यांनी चारी टायरमधली हवा निम्म्यावर आणली, स्वतः स्टिअरिंगवर बसले, गाडी मागंपुढं झुलवली आणि लोणच्यातून फोड काढावी तशी बाहेर काढली. टायर चपटा झाला की वाळूवर पसरतो, रुतत नाही, एवढं साधं तत्त्व. सुपरवायझर साहेब मान खाली घालून ऐकत होते.

मग गहवा आला, इथली अरबी कॉफी. छोट्या फिंजानात, वेलदोड्याचा वास, सोबत खजूर. पुरे म्हणायचं असेल तर कप हलवून परत द्यायचा; आम्हाला आठवलं नाही, म्हणून ते ओततच राहिले. दक्षिणेकडं, वाळूच्या रेघेच्या जरासा वर एक तारा चमकत होता. त्यांनी बोट दाखवलं. “सुहैल.” ऑगस्टच्या शेवटी हा पहाटे दिसू लागला की उन्हाळा उतरणीला लागला असं इथली माणसं मानतात, आणि तिथूनच दिवस मोजतात.

तो अगस्त्य होता. आमच्याकडंही तो उगवला की पाऊस सरला, पाणी निवळलं असं म्हणतात. लहानपणी आण्णा अंगणातून दाखवायचे; हात लांब करून मूठ धरली की माणदेशात तो ऐन माथ्यावर असताना दोन मुठी वर येतो. इथं मूठ-सव्वामूठ. मी त्यांना हिंदीत सांगायचा प्रयत्न केला की आमच्यात हा एक ऋषी आहे, समुद्र पिऊन टाकणारा. त्यांनी समुद्राच्या दिशेला, मग आपल्या रिकाम्या फिंजानाकडं बघितलं आणि खदखदून हसले. नाव विचारायचं राहूनच गेलं.

या मार्चमध्ये आम्ही परत जाऊ. तोवर रोज सकाळी तासभर खलिफा सिटीतच चालतो. घराजवळ एक मोकळा प्लॉट आहे, खारवट जमीन, कडेला झुडपं. तिथं गेल्या आठवड्यात वाळूतून एक पिवळाधमक तुरा वर आला. पान नाही, देठ नाही, नुसता फुलांचा दंडगोल, हातभर. दुसऱ्याच्या मुळावर जगणारी वनस्पती आहे. इथं तिला धानून म्हणतात. निपाणीकडं तंबाखूच्या शेतात बंबाखू उगवतो, त्याच्या कुळातली. पण बंबाखू शेतकरी उपटून टाकतात आणि हिच्यापाशी आम्ही रोज दहा मिनिटं उभे राहतो. ह्यांनी विचारलं, “हिला तुमच्यात काय म्हणतात?” सौंदड, रुई, सराटे, इंद्रावण सगळी नावं मी फटाफट सांगितली होती. इथं अडले.

कच्छ-राजस्थानकडं ती उगवते म्हणतात, तेव्हा आपल्याकडच्या कुणाच्या तरी तोंडी तिचं नाव असेल. वाचणाऱ्यांपैकी कुणाला ते ठाऊक असेल तर जरूर कळवा. तुरा अजून पंधरा दिवस टिकेल.