कानातला रातकिडा आणि सुट्टीचा प्रवास

टिनिटस हा शब्द मूळचा लॅटिन. अर्थ वाजणे, किणकिणणे. आयुर्वेदात याला कर्णनाद म्हणतात आणि सुश्रुताने कानाचे जे अठ्ठावीस रोग सांगितलेत त्यात तो आहे. आमच्या इचलकरंजीत याला काहीच म्हणत नाहीत. "कानात किर्र करतंय" म्हणतात आणि कामाला लागतात.

माझ्या दोन्ही कानांत गेली सहा वर्षं एक रातकिडा मुक्कामाला आहे. उजव्या बाजूला जरा जास्त. बारीक, उंच पट्टीतला, अखंड. रविवारी सुट्टी नाही, दिवाळीला सुट्टी नाही. तुम्ही म्हणाल, सवय झाली असेल एव्हाना. झालीय, पण ती घरची सवय. सुट्टी काढून बाहेर पडलं की हा किडा बॅगेत न भरताही बरोबर येतो आणि तिथे नव्याने ओळख करून देतो.

इथल्या ऑडिऑलॉजिस्ट बाईंनी तपासणी करून जे समजावलं ते आपल्या भाषेत असं. आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो. त्यात पंधरा-सोळा हजार केसाळ पेशी असतात आणि त्या आवाजाचं विजेच्या संदेशात रूपांतर करतात. मोठ्या आवाजाने किंवा वयाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मग त्या पट्टीतला सिग्नल मेंदूला मिळेनासा होतो आणि मेंदू काय करतो, तर गेन वाढवतो! जुन्या ट्रान्झिस्टरवर स्टेशन लागत नसलं की आवाजाची कळ पूर्ण फिरवली तर नुसती खरखर येते ना, तसंच. हा सध्या बहुतेकांना पटलेला सिद्धांत. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकण्याचा काहीही त्रास नसलेल्या ८० माणसांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. म्हणजे किडा बहुतेकांकडे असतो, बाहेरच्या गोंगाटात दबून असतो एवढंच.

एकदा हे कळलं की प्रवासाचं गणित उलटं होतं. लोक सुट्टीला शांतता शोधत जातात आणि आमचं नेमकं तिथेच बिनसतं.

वेम्बलीत तसा प्रश्न नाही. ईलिंग रोडवर गाड्यांचे हॉर्न, भाजीवाल्यांची गुजराती, स्टेडियमला कार्यक्रम असेल तेव्हा नव्वद हजार माणसांचा लोंढा. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कोल्डप्लेचे दहा कार्यक्रम झाले तिथे. त्यांचा गायक ख्रिस मार्टिन स्वतः टिनिटसवाला आहे आणि तो हे जाहीरपणे सांगतो. एवढ्या स्पीकरांसमोर उभा राहून हा माणूस जगभर फिरतो हे ऐकून मला उगीचच धीर आला होता.

पण दोन वर्षांपूर्वी मित्रमंडळींबरोबर स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावर गेलो. डोंगराच्या कुशीत कॉटेज, शेजारी मेंढ्या. सगळे म्हणाले, "काय शांतता आहे रे!" मी मनात म्हटलं, मेलो. रात्री दिवे मालवले आणि किड्याने जी तान घेतली! शेवटी उठून खिडकी उघडली आणि पावसाची वाट बघत पडलो. स्कॉटलंडची एक गोष्ट चांगली, पाऊस फार वाट बघायला लावत नाही. तेव्हापासून फोनमध्ये पावसाचं दोन तासांचं रेकॉर्डिंग आणि उशीखाली ठेवायचा चपटा स्पीकर असतोच. आवाज किड्यापेक्षा किंचित कमी ठेवायचा. किडा पूर्ण बुडवायचा नाही, मेंदूला दोन्ही ऐकत ऐकत दुर्लक्ष करायला शिकवायचं असतं. हॉटेलात मी फ्रिजच्या घरघरीची किंवा रस्त्याकडेची खोली मागतो. काउंटरवरचा माणूस माझ्याकडे कसा बघतो ते सांगत नाही.

विमानाची भीती मात्र फुकटची निघाली. केबिनमध्ये ऐंशी-पंच्याऐंशी डेसिबलची घरघर चालूच असते, तिच्यात किडा हरवून जातो. आवाजाचा त्रास वाटत असेल तर पंखाच्या पुढची सीट घ्यावी, मागे इंजिनं जास्त ऐकू येतात. नॉइज कॅन्सलिंग हेडफोनची एक गंमत आहे. ते खालच्या पट्टीतली घरघर गिळतात आणि वरच्या पट्टीतला आपला किडा तसाच राहतो, एकदम स्टेजवर एकटा! म्हणून ते नुसते घालायचे नाहीत, आत हळू आवाजात काहीतरी लावायचं. खरा त्रास उतरताना. केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढाच असतो (महाबळेश्वर साडेचार हजार, म्हणजे बघा). खाली येताना तो वाढतो, कानाचे दडे बसतात आणि बाहेरचं कमी ऐकू आलं की किडा मोठा होतो. तेव्हा झोपू नये. गोळी चघळावी, आवंढे गिळावेत, जांभया द्याव्यात. सर्दी झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

डॉक्टरांवरून आठवलं. नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, एकाच कानात असेल किंवा अचानक ऐकू येणं कमी झालं असेल तर पाऊस वगैरे लावत बसू नका, ताबडतोब दाखवा. आणि आपल्याकडे सर्रास देतात त्या बीटाहिस्टिनच्या गोळ्या नुसत्या टिनिटससाठी देऊ नयेत असं इथल्या नाइस या संस्थेने २०२० मध्ये सांगितलंय. असो.

मुंबईहून घरी जायला महालक्ष्मी एक्स्प्रेस. हातकणंगल्याला उतरायचं. त्या गाडीच्या खडखडाटात मी जसा झोपतो तसा जगात कुठे झोपत नाही. गावात गणपतीला गेलं तर डॉल्बी असते. तिथे मात्र कानात बोळे. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे शंभरला पंधरा मिनिटं. पण बोळे मिरवणुकीपुरतेच. दिवसभर घालून बसलं की मेंदू आणखी गेन वाढवतो.

इचलकरंजीला १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गाव खटखटतंय. आमचे आप्पा पस्तीस वर्षं मागाचे जॉबर होते. २०१६ मध्ये तीन महिन्यांसाठी वेम्बलीला आले आणि तिसऱ्या आठवड्यात परतले. "तुझ्या घरात झोप लागत नाही बघ. लई चिडीचूप." दुहेरी काचांच्या खिडक्यांचं मला कौतुक! करमत नसेल असं सगळ्यांनी धरलं. पुढे आई कितीदा म्हणाली तरी ते आले नाहीत.

गेल्या डिसेंबरात घरी होतो. रात्री दोनच्या सुमारास वीज गेली. आजूबाजूचे माग एकदम थांबले आणि अख्खी गल्ली जागी झाली. आमच्याकडे असंच असतं, आवाज थांबला की माणसं उठतात. मी गादीवर उठून बसलो होतो, पलीकडे खाटेवर आप्पा बसलेले. अंधारात त्यांनी विचारलं,

"तुझं बी वाजतंय काय?"

मी म्हटलं, "तुमचं कधीपासून वाजतंय?"

"लग्नाच्या आधीपासनं असंल."

"कधी बोलला नाहीत, आप्पा."

"त्यात काय बोलायचं? सगळ्या जॉबरांचं वाजतंय."

वीज येईपर्यंत तासभर बोलत बसलो. आप्पांशी एवढं सलग बोलल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरला जाऊन त्यांचे कान तपासून घेतले. वरच्या पट्टीतलं बरंच गेलंय. श्रवणयंत्र घेतलं. त्याने बाहेरचं ऐकू येऊ लागतं आणि किडाही पुष्कळदा मागे सरतो. निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या कारखान्यात जाऊन मागांचं चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. मालक म्हणाले, "लंडनला कापड न्यायचं सोडून आवाज नेताय व्हय?"

आप्पा मे महिन्यात येतायत. सीट पंखाच्या पुढची सांगितलीय. आईने फोनवर एकच विचारलं, तुझ्याकडे पंखा आहे का. इथल्या घरांना छताचे पंखे नसतात, म्हणून काल टेबलफॅन आणला. भर जानेवारीत, बाहेर दोन डिग्री. दुकानातल्या मुलीने पावती देताना विचारलं, काही परत करायचं असल्यास अठ्ठावीस दिवस आहेत, माहितीये ना?